बुधवारी रडाचं

"उजवा गेला का? बरं झालं. धुवाचा तं राह्यला. जेवू कोणीबी घालते, धुवून कोण देईन?"

तिनं मले बोललेलं हे पयलं बोलणं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात बायाच्या वार्डात मी पडून होती. थ्रेशरमंधी तूर टाकता टाकता लुगड्याचा पदर ओढल्या गेला, पदरासंगं हात. कोपराखाली काही राह्यलं नव्हतं. चार दिवस झाले होते, मी कोणासंगं बोलत नव्हती, नुसती छताकडं पाहत होती. अन् बाजूच्या खाटीवरची बुढी, जिचा पाय प्लास्टरमंधी टांगेल होता, मले हे म्हणे.

पुऱ्या वार्डानं आयकलं. मंग पलीकडची एक बाई फसकन हासली. पट्टी कराले आलेली नर्सबाई तोंडाले हात लावून बाहीर गेली. मी भिताडाकडं तोंड केलं. राग मांगून आला, आधी मी सुन्न झाली. आपल्याकडं हात गेलेल्या बाईपाशी माणूस येते, घडीभर बसते, देवाची मर्जी म्हणते, दोन केळं ठेवते अन् जाते. असं कोणी बोलते का? या बाईले कायीज हाये का नाही, असं झालं मले.

संध्याकाळी जेवणाचं ताट आलं. मी डाव्या हातानं घास उचलला अन् लाज वाटून परत ठेवला. लहानपणी डाव्या हातानं खाल्लं तं माय हातावर उलथनं ठेवत होती. बुढीनं ते पाह्यलं. तिनं आपला चांगला उजवा हात पाठीमांगं घेतला अन् डाव्या हातानं वरण-पोई खाल्ली. सारी खाल्ली, आंगावर सांडत सांडत, माह्या डोयात पाहत.  मंग मी बी खाल्ली.

तिले जाऊन आता तीन वर्सं झाली. तवापासून मले कोणी थुटी म्हटलं नाही. तोंडावर तं कोणीच म्हणत नाही. ते एकलीच म्हणे, अन् पयल्या दिवसापासून म्हणे. थुटे, चाय मांड. थुटे, तुह्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या. तिचं नाव मी सांगत नाही. नावानं तिले कोणी हाकबी मारत नव्हतं, सारे बुढीच म्हणत.

मी चौथीपावतर शाया शिकली. लगन होऊन बार्शीटाकळीले आली. मालक काविळीनं गेले तवा माही जोती तीन वर्साची होती. सासरी जेठ म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, जाऊ अन् सासूबाई. मी रोजानं दुसऱ्याच्या वावरात जाये, घरी येऊन घरचं करे. असे चार सालं गेले अन् हात गेला. दवाखान्यात जेठ एक डाव आले, उभ्या उभ्या पाह्यलं अन् म्हणे, आता तुह्यानं काय होईन? काही होणार नाही हे मले बी दिसत होतं, म्हणून मी बोलली नाही. मले जे आलं ते मी खाली मान घालून घेतलं. कोणी माराले उठलं तं मी पाठ देणारी बाई.

दवाखान्यातून सुट्टी भेटाच्या दिवशी बुढीनं मले तिच्या फुलाच्या बागेत कामाले बलावलं. मी थुटा हात दाखवला. ते म्हणे, "मले एका हाताचीच बाई पाह्यजे. दोन हातवाल्या एकानं तोडतात अन् दुसऱ्यानं ओट्यात लपवतात."

मी जोतीले घेऊन गेली. दुसरं कुठी जात होती?

अकोल्याहून बार्शीटाकळीच्या रस्त्यावर फाटा लागते, तिथून आत तिची दीड एकराची बाग. झेंडू, शेवंती, थोडा मोगरा, काठानं पाच-सात लिंबाचे झाडं. इहिरीच्या बाजूले टिनाच्या दोन खोल्या, एक तिची अन् एक आमची. बुढी दिसाले काटकुळी, पन आवाज असा का फाट्यावरच्या चायवाल्याले इथून ऐकू जाये. नऊवारी लुगडं, त्याच्यावर माणसाचा शर्ट, पायात काळे गमबूट. गमबूट तिच्या पायाले मोठे होत, त्यात ते कागद कोंबे. फुलाच्या वाफ्यात इच्चू-सापाचं भेव असते म्हणून घालते, असं मले वाटलं होतं.

अन् तिचं ते 'बरं झालं'.

काहीबी होवो, तिच्या तोंडातून पयले हेच निघे. गारपीट झाली, उभी शेवंती भुईसपाट झाली. मी कपाळाले हात लावून बसली तं हे बांधावर उभी राहून म्हणे, बरं झालं, यंदा तोडाले वाकाचं काम नाही. मंग गमबूट घालून पुऱ्या वाफ्यात फिरली, काय बरं झालं ते हुडकत. खरंच हुडके ते, हरवलेली सुई हुडकावं तसं. दुपारी हाक मारली. खाली पडलेल्या पाकळ्या आमच्या दोघीकून वेचून घेतल्या, टोपल्याच्या टोपल्या, अन् अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात नवरदेवावर उधळाले देऊन आली. येऊन मले म्हणे, सापडलं पाय.

पन दरवेळी थोडीच सापडते. एका रात्री इहिरीवरची मोटर चोरीले गेली. सकाऊन उठली, रिकामा पाईप पाह्यला अन् म्हणे, बरं झालं. दिवसभर हुडकलं. दोरानं बाल्ट्या ओढून ओढून आमच्या कमरा गेल्या. संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगे, नाही सापडलं बाई, याच्यात काही बरं नव्हतं. अन् रडाच्या ऐवजी भाकरीले तेल-तिखट लावून खाल्लं.

मले हे पाहून भेवच वाटे. गावात तं कोणी तिले शुभ-अशुभात बलावत नसे. चायवाल्याचा पोरगा धाव्वीत नापास झाला तं तिनं भर चौकात त्याच्या मायले बरं झालं म्हटलं. त्या बाईनं खराटा घेऊन तिले बागेपावतर पिटायलं. बुढी पयता पयता हासत होती. दारात येऊन दम खात म्हणे, आज माहा गुडघा दुखला नाही, पाह्यलं का?

कामाचं सांगते. झेंडूचा हार दोन हाताचं काम हाये, एका हातात सुई, एका हातात फूल. मी म्हटलं, मी नुसती तोडीन, हार तुमी करा. तिनं ऐकलं नाही. मले पाटावर बसवलं, पाय धुवाले लावले, अन् लांब सुई माह्या उजव्या पायाच्या आंगठ्यात अन् बोटात उभी धराले लावली. वरून डाव्या हातानं एकेक झेंडू खोचाचा, खाली दाबाचा. पयल्या दिवशी पाच हारात सात डाव पाय टोचला. महिन्याभरात मी दोन हातवाल्या बाईच्या बरोबरीनं हार करू लागली.

पन देवाचे फुलं पायात. देवळाबाहीर आमची बैठक, आल्यागेल्याले दिसे. एका बाईनं पाह्यलं अन् हातातला हार तिथंच टाकला. चार लोकं जमले. मी पाय लुगड्याखाली ओढला, मान खाली घातली. बुढी म्हणे, "तुमी देवाच्या हाताले डोकं लावता का पायाले?"  मंग त्या बाईनं दुसरं काढलं, हे डाव्या हातानं हार देते म्हणे. बुढीनं मांगच्या पानठेल्यावरचं कॅलेंडर दाखवलं. त्यात मारुती होता, उजव्या हातात गदा, पहाड डाव्या तळव्यावर. म्हणे, इतका मोठा पहाड त्यानं कोणत्या हातानं आणला ते पाय, अन् मंग माह्या थुटीले बोल. ते बाई गेली ते पुन्हा आली नाही. बाकीचे हासले अन् हार घेऊन गेले. मी त्या दिवशी पाय लुगड्याबाहीर काढून बसली.

आता बुधवारचं.

मले बागेत येऊन पाच-सहा दिवस झाले असतीन. सकायी मी चूल पेटवत होती तं इहिरीकडून असा हंबरडा आला का माह्या हातातली फुंकणी पडली. मी पयत गेली. बुढी इहिरीच्या काठावर पाय खाली सोडून बसली होती अन् छाती बडवून रडत होती. डोक्यावरचा पदर पडला होता, नाकातून पाणी, तोंडातून लाय. मढ्यापाशी रडते तशी. मले वाटलं, कोणाचा तरी फोन आला, कोणी तरी मेलं. मी तिच्या खांद्याले धरून इचारलं, बाई, कोण गेलं?

तिनं रडता रडताच सांगतलं, "कोणी नाही. आज बुधवार हाये. तू चाय मांड."

अन् पुन्हा हंबरडा.

मी चुलीपाशी गेली, चाय मांडली अन् कप घेऊन परत आली. उन्ह पाण्याच्या टाक्यावर आलं तशी ते चूप झाली, जशी कोणी बटन दाबलं. उठली, टाक्यात तोंड धुतलं, नाक शिंकरलं, माह्या हातून चायचा कप घेतला. म्हणे, साखर कमी झाली. अन् गमबूट घालून शेवंतीत गेली.

मंग मले समजलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार महाराजाचा, शनिवार मारुतीचा. रोज हाराले गिऱ्हाईक. आयतवारी लग्नं, वास्तू. बुधवार तेवढा खाली, त्या दिवशी फुलाले कोणी इचारत नाही. म्हणून तिनं रडाचं काम बुधवारी ठेवलं होतं. बाकीच्या दिवशी डोयात पाणी आलं तं ते आभायाकडं तोंड करून म्हणे, बुधवारी ये. जसं पोरीले म्हणावं का आता कामात हाये, मंग ये. मी हे माह्या डोयानं पाह्यलं, नाही तं कोणी सांगतलं असतं तं मी म्हटलं असतं, बाई येडी हाये.

कशाचं रडणं हाये, ते मले पलीकडच्या वावरातल्या बाईनं सांगतलं. दहा-बारा वर्साआधी उन्हायात हेच इहीर उपसाले काढली होती. पाणी खाली गेलं म्हणून तेलाचं इंजिन आत उतरवलं होतं. इंजिनाचा धूर इहिरीत साचला. पोरगा खाली उतरला अन् बसल्या जागी आडवा झाला. त्याले काढाले बाप उतरला, तो त्याच्या आंगावर पडला. वर दोराले बुढी होती. एकली. तिच्या दोनी तळहाताले दोरानं कातडं सोलल्याचे वण होते, ते मी पाह्यले होते. मले वाटलं होतं, कामानं झाले असतीन. शर्ट नवऱ्याचा होता. गमबूट पोराचे.

अन् मयतीत हे बाई रडली नाही. दोघाले एकाच वख्ती उचललं, पुरं गाव रडून राह्यलं, अन् हे म्हणे, बरं झालं, दोघं संगं गेले, रस्त्यात एकमेकाले सोबत झाली. तिच्या सख्ख्या भावानं तिथंच तिचं पाणी सोडलं. लोकं म्हणत, नवरा-पोरगा खाऊन बसली, डोयात टिपूस नाही. मी हे ऐकलं अन् हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला. आमी त्याच इहिरीचं पाणी पेत होतो.

एका डाव मी धीर करून इचारलं, याच इहिरीचं पाणी तुमच्या घशाखाली कसं उतरते? ते म्हणे, "इहिरीनं काय केलं? ते आपल्या जागी बसून होती. आमीच गेलो तिच्यात." मंग मी इचारलं, अन् ते बरं झालं? खरंच तुमाले बरं वाटलं होतं?

बुढीनं लुगड्याले हात पुसले. मंग म्हणे, "वाटलं पाह्यजे असं थोडीच हाये. आधी म्हणाचं, मंग हुडकाचं. हुडकत राह्यलं तं माणूस उभं राहते. नाहीच सापडलं तं बुधवार हायेच."

मी म्हटलं, मले नाही जमत. ते म्हणे, तुले नाहीच जमणार, तू तं हुडकतच नाही, तुले देल्लं ते तू घेते. हे मले झोंबलं. पन खरं होतं.

मले जमलं नाही, माह्या पोरीले जमलं. जोती नऊ वर्साची झाली होती, फाट्यावरच्या शायेत जाये. बुढीमाय बुढीमाय करत दिवसभर तिच्या मांगं राहे. पेन्सिल तुटली, बरं झालं. चप्पल वाहून गेली, बरं झालं. दोघी मिळून हुडकत, अन् खिदळत. मी आयकून सोडून देल्लं. तेच माहं चुकलं.

कारण त्या साली सासूबाई गेल्या. निरोप आला, मी जोतीले घेऊन बार्शीटाकळीले गेली. तेरवीच्या दिवशी घर भरेल होतं, सोयरे, भाऊबंद, गावचे. पानं मांडले होते. जेठ फोटोपुढं बसून रडत होते, लोकं त्याईची समजूत घालत होते. अन् तेवढ्यात माही जोती आजीच्या फोटोकडं पाहून मोठ्यानं म्हणे, "बरं झालं."

घास घेतलेले हात तसेच राह्यले. मले वाटलं, धरती फाटावी. जेठानं मान वर केली, तोंड लालबुंद. माही जाऊ मधात आली, पोरीले आत नेलं. कोणी जेवलं, कोणी उठून गेलं. मी जेठाच्या पाया पडली, माफी मांगतली, तं ते म्हणे, हे तिनं कोणापासून शिकलं ते मले मालूम हाये.

पुढच्या गुरुवारी जेठ मोटरसायकलवर बागेत आले, मांगं त्याईचा साया, माह्या जाऊचा भाऊ. आमी देवळाबाहीरची बैठक उठवून दुपारी नुकत्याच आलो होतो. जोतीले शायेले सुट्टी होती. जेठ खाली बसले नाही, पाणी घेतलं नाही. त्याईचं म्हणणं सरळ होतं. पोरगी त्याईच्या घरची हाये, त्याईच्या भावाची हाये. जे बाई आपल्या नवऱ्याच्या मढ्यावर बरं झालं म्हणते तिच्यापाशी ते पोरगी ठेवणार नाही. मी आजच्या आज हे जागा सोडाची, नाही तं पोरगी द्याची. अन् जागा सोडून मी कुठी जाणार, हे बी तेच म्हणे, आमच्या घरी तुले ठेवता येणार नाही, एका हातानं काम होत नाही अन् आमाले परवडत नाही.

मी बुढीकडं पाह्यलं. मले वाटलं, हे आता काही तरी बोलन. मारुतीच्या पहाडावाणी काही तरी काढन. किंवा निदान सांगन का मले बी दुःख हाये, हप्त्याले रडते मी, इचारा थुटीले. तेवढं सांगतलं असतं तं कदाचित जेठ नरमले असते.  ते पायरीवर बसून दोऱ्याचा गुंता सोडवत राह्यली.

अन् मी काय केलं? मी आत गेली अन् पोरीचं सामान भरलं. डाव्या हातानं. दोन फराकी, शायेचा ड्रेस, दप्तर. आज बी मले त्याचा इश्वास बसत नाही, पन कोणी दुसऱ्यानं नाही भरलं, मीच भरलं. मोठ्याईनं म्हटलं, मी ऐकलं. जनमभर तसंच केलं होतं. जोती रडली नाही, माह्या तोंडाकडं पाहत राह्यली, का आई आता काही बोलन. मी पिशवीचा बंद दातानं ओढला अन् पिशवी तिच्या हातात देल्ली. दोघा माणसाच्या मधात तिले बसवलं. गाडी फाट्याकडं गेली. धूळ खाली बसली.

मांगून बुढीचा आवाज आला, "बरं झालं."

मी फिरली अन् तिच्या तोंडात मारली.

अजून मले तो आवाज आयकू येते. सत्तरीची बाई, जिनं मले अन्न देल्लं, छत देल्लं, तिले मी मारलं. मी आयुष्यात कोणाले मारलं नव्हतं, पोरीले नाही, कुत्र्याले नाही. माह्याच हातानं हे झालं होतं. बुढीच्या गालावर चार बोटं उमटले होते. तिनं गालावरून हात फिरवला, चाखून पाहावं तसा.

"चांगला बसला," म्हणे. "डाव्यात लय जोर हाये तुह्या."

मी रडत नव्हती. मी म्हटलं, काय बरं झालं सांगा, सांगाच आता, पोरगी गेली माही, काय बरं झालं याच्यात?

"मले काय मालूम? मी म्हणून मोकळी झाली, हुडकाचं काम तुहं. तीनची एस्टी हाये बार्शीटाकळीची."

अन् दोऱ्याचा गुंता घेऊन पुन्हा पायरीवर बसली.

मी तशीच निघाली. पायात चप्पल होती का नव्हती ध्यानात नाही. एस्टीत बसून मी मनात बोलणं जुळवत होती, हे म्हणीन, ते म्हणीन, पाया पडीन. उतरेपावतर सारं इसरली.

जेठाच्या घरापुढं ओट्यावर जोती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, जशी कोणाच्या घरी पाव्हनी आली. बंद मी बांधला तसाच होता. जाऊ म्हणे, आल्यापासून पाणी बी पेली नाही. जेठ बाहीर आले. म्हणे, आता काय?

मी म्हटलं, पोरीले न्याले आली.

त्याईनं इचारलं, त्या बुढीनं पाठवलं काय? मी म्हटलं, नाही, मी आली. ते म्हणे, तिले काय खाऊ घालशीन? मी म्हटलं, दोन वर्सं खाऊन राह्यली, मेली नाही. लोकं जमू लागले. जेठाले जोर आला, मोठ्यानं म्हणे, ज्या पोरीले मेलेल्या आजीची चाड नाही, जे तेरवीत बरं झालं म्हणते, तिले वयण कोण लावणार, तू?

तवा मी मान वर केली. बारा सालात त्याईच्या तोंडाकडं मी तवा पयल्यांदा पाह्यलं.

"भाऊजी, सासूबाईचा पाय सडला होता. मी इथं होती तवा दोन सालं मी धुतला, दोन हातानं. किडे काढले. माह्या मांगून जाऊबाईनं धुतला. त्या रोज म्हणत, देवा, ने आता. पोरगी त्याईच्या उशाशी निजे, तिनं आयकलं होतं. त्या सुटल्या तं तिनं म्हटलं. तुमाले बी तसंच वाटलं असन, भाऊजी. तुमाले म्हणता नाही आलं."

 मले वाटलं, आता मारतीन. त्याईचं तोंड हाललं, अन् ते खाली ओट्यावर बसले. दोनी हातानं डोकं धरलं. असे रडले ते, का तेरवीतबी तसे रडले नव्हते. माही जाऊ, जिनं इतक्या सालात माह्या बाजूनं एक शबद काढला नव्हता, ते आली, जोतीले उभं केलं अन् तिचा हात माह्या हातात देल्ला. म्हणे, जा. अंधार पडाच्या आत जा.

येताना काळी-पिवळी जीपमंधी मांगच्या शिटावर जागा नव्हती, आमी दाराजोळ उभ्याच आलो. धराले दांडा होता, पन हात एकच. मी दांडा नाही धरला. दर वळणावर दोघी लोकाच्या आंगावर पडत होतो, लोकं शिव्या देत होते, अन् जोती खिदळत होती.

मले भेव होतं ते बुढीचं. मारलेल्या बाईच्या दारात आता कोणत्या तोंडानं जाचं? ठेवन का नाही ठेवन? पोरगी तं आणली, पन आज रात्री डोकं कुठी टेकवाचं?

फाट्यावर उतरलो तं दिवस बुडाले आला होता. चायवाल्याच्या ठेल्यापुढं दगडावर बुढी बसली होती. गमबूट घालून, शर्टाच्या गुंड्या वरपावतर लावून. चायवाला म्हणे, तू गेली तवापासून इथंच हाये, चाय बी घेतली नाही, हरेक गाडी पाहून राह्यली.

मी तिच्यापुढं उभी राह्यली. मले वाटलं, आता थुटे म्हणन, काही तरी खराब बोलन अन् मोकळं होईन. तिनं माह्याकडं पाह्यलंच नाही. ते जोतीकडं पाहत होती. डोक्यापासून पायापावतर पाहत होती, इहिरीतून वर आलेल्या माणसाले पाहावं तसं. हात पुढं केला, पोरीच्या गालाले लावला, गरम हाये का थंड ते पाह्यलं.  मंग हातानंच इशारा केला, चाला.

बागेत जाचा रस्ता वाफ्याच्या मधून, एका मांगं एकच माणूस जाऊ शकते. मी पुढं, जोती मधात, बुढी मांगं. पन्नासेक पावलं गेलो असू तं मांगून तो आवाज आला. मी ओळखला. पन इहिरीवर बसून छाती बडवे तवासारखा नव्हता हा. लहान पोराचा असते तसा होता, हुंदक्यावर हुंदका, तोंडात पदर कोंबेल. गमबूट चिखलात थांबे, पुन्हा चाले, पुन्हा थांबे.

 मी मांगं पाह्यलं नाही. जोतीनं माहा हात ओढला, मान वळवाले गेली.

"आई, आज तं बुधवार नाही. बुढीमाय काहून रडून राह्यली?"

मी म्हटलं, "पुढं पाय. वाफे ओले हायेत, पाय घसरन."